वळीव, पण बर्फाचा

फोन किंचाळले तेव्हा आम्ही उन्हात होतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं कळायला तेच महत्त्वाचं आहे. लख्ख ऊन, रस्ता कोरडा ठणठणीत, दादा गाडी चालवतोय, वहिनी मागे झोपलेली, मी पुढच्या सीटवर. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला हायवे, इंटरस्टेट ८१, जानेवारी महिना, दुपारचे साधारण साडेबारा. माझी सुट्टी संपली होती आणि दोघं मला युनिव्हर्सिटीत सोडायला निघाले होते. तिघांचे फोन एकदम वाजले, तो अंगावर काटा आणणारा अलर्टचा आवाज, वहिनी दचकून उठली. स्क्रीनवर लिहिलेलं की स्नो स्क्वॉल वॉर्निंग आहे सव्वा वाजेपर्यंत, अचानक समोरचं दिसेनासं होईल, रस्ते गोठतील, वेग कमी करा. मी मोठ्याने वाचून दाखवलं. दादाने वर बघितलं, मीही बघितलं. आकाश निळं. फक्त वायव्येला डोंगरांच्या मागे एक राखाडी पट्टा होता, जमिनीला टेकलेला, पाटीवर ओल्या फडक्याने पुसल्यावर राहतो ना तसा.

"पुढच्या एक्झिटला उतरायचं का रे दादा?" मी विचारलं. दीड मैलावर एक्झिट होती, म्हणजे हायवेवरून खाली उतरायची वाट, बोर्ड दिसत होता.

"अगं चाळीस मिनिटं तर राहिलीयेत आपली. आणि ॲपमध्ये बघ ना किती बर्फ दाखवतंय."

मी ॲप उघडलं. दुपारी एक वाजता थोडा बर्फ, अर्ध्या इंचाच्या आत. अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटीमीटर. दादा त्या वेळी अकरा वर्षं इथे गाडी चालवत होता, एकेक फूट बर्फात गेलेला माणूस, त्याच्यासाठी अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं. एक्झिट गेली.

पाच-सहा मिनिटांनी ऊन मळकट झालं. मग चार-दोन कण आडवे उडताना दिसले, वरून पडत नव्हते, आडवेच येत होते, आणि मी "आला वाटतं" म्हणेपर्यंत आला. समोर शंभर-दीडशे मीटरवर एक पांढरा ट्रेलर होता, तो होता आणि मग नव्हता. तो वळला नाही, पुढे गेला नाही, नुसता पुसला गेला. लेनच्या रेषा गेल्या, कडेचं रेलिंग गेलं, रस्ता कुठे संपतो आणि आकाश कुठे सुरू होतं तेच कळेना. आमच्या गाडीचं बॉनेट तेवढं दिसत होतं. दादाने पाय वर घेतला, गाडी ताशी ७० मैलांवरून हळूहळू खाली यायला लागली, आणि वहिनी मागच्या काचेतून बघून एकच वाक्य बोलली, "मागचं काहीच दिसत नाहीये."

ते वाक्य मी आजही विसरू शकत नाही. तोपर्यंत माझी सगळी भीती समोरच्या गोष्टीची होती. मागून सत्तरच्या स्पीडने कोण येतंय, त्याला आम्ही दिसतोय का, हा विचार तोवर डोक्यात आलाच नव्हता.

पुढची एक्झिट सहा मैलांवर होती. तेवढं अंतर आम्ही वीसच्या वेगाने काटलं, अठरा मिनिटं लागली. मध्ये दादा म्हणाला बाजूला घेतो, शोल्डरवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, थांबू, वहिनी म्हणाली नको, मला काहीच ठरवता येईना. मग नशिबाने एका ट्रकचे चमकणारे हॅझर्ड लाईट पुढे अंधुक दिसले आणि ते धरून, पण त्याच्यापासून अंतर ठेवून, आम्ही गेलो. एक्झिटचा बोर्ड अगदी डोक्यावर आल्यावर दिसला. खाली गॅस स्टेशनवर बऱ्याच गाड्या उभ्या होत्या, सगळे इंजिन चालू ठेवून गप्प बसलेले. दादाने गाडी पार्क केली आणि स्टिअरिंगवरून हात काढले, ते थरथरत होते. वहिनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसली. कोणीच काही बोललं नाही.

आणि मग वीस मिनिटांत ऊन पडलं! तेच निळं आकाश, जणू काही झालंच नाही. परत हायवेवर चढलो तर मधल्या गवताच्या पट्ट्यात तीन गाड्या रुतलेल्या आणि एक पिकअप उलट्या तोंडाने उभा. रस्त्यावरचा बर्फ बोटभरसुद्धा नव्हता. ॲप बरोबर होतं हो, अर्धा इंचच पडला होता.

त्या दिवसापासून मी ह्या स्क्वॉल प्रकाराच्या मागे लागलेय. वाचते, नकाशे बघते, रडार बघते, आणि जो कोणी थंडीत गाडी काढतो त्याला सांगत सुटते. आज नीट बसून लिहितेय कारण ह्या महिन्यात ओळखीतली दोन नवी मुलं पहिल्यांदाच हिवाळ्यात गाडी चालवणार आहेत, आणि त्यांना व्हॉट्सॲपवर तुकड्या-तुकड्यात सांगून काही पोचत नाहीये.

पहिली गोष्ट, हे हिमवादळ नाही. मराठीत आपण सगळ्यालाच हिमवादळ म्हणतो म्हणून गोंधळ होतो. हिमवादळाची दोन-तीन दिवस आधीपासून चर्चा असते, शाळा बंद होतात, लोक दुकानं रिकामी करतात, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर आधीच मीठ टाकून ठेवतात, माणूस घरात बसतो. स्क्वॉल तसा नसतो. स्क्वॉल म्हणजे वळीव. वैशाख-ज्येष्ठात दुपारी उकडत असतं, आभाळ एका बाजूने काळं होतं, सोसाट्याचा वारा सुटतो, अर्धा तास झोडपून काढतो आणि नंतर ऊन. अगदी तसंच, फक्त पाण्याच्या जागी बर्फ आणि अंगणाच्या जागी हायवे. वळवाचे ढग जसे उभे वाढतात तसेच हेही असतात, खाली तुलनेने उबदार हवा, वरून अतिशय थंड हवा घुसते, हवा उसळी मारते. फक्त हे ढग बुटके असतात, दोन-तीन किलोमीटर उंचीचे, आणि त्यामुळे रडारच्या किरणांच्या खालून निसटू शकतात. रडारचा किरण जसजसा लांब जातो तसतसा जमिनीपासून उंच होत जातो ना, म्हणून रडारपासून लांबच्या भागात स्क्वॉल फिकट दिसतो किंवा दिसतच नाही.

ह्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक मोठ्या तलावांवरून येणारा. ईरी, ओंटारियो, ह्युरॉन ह्या तलावांचं पाणी थंडीत हवेपेक्षा बरंच उबदार असतं, त्यावरून आर्क्टिक वारा वाहत आला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. साधारण नियम असा सांगतात की पाण्याचं तापमान आणि दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान ह्यात १३ अंश सेल्सिअसचा फरक असला की हे सुरू होऊ शकतं. हे पट्टे एकाच जागी तासन्‌तास ठाण मांडूनही बसतात. डिसेंबर २०१० मध्ये कॅनडात ओंटारियो प्रांतात सार्नियाजवळ हायवे ४०२ वर असंच झालं, तीनशेहून जास्त लोक गाड्यांमध्ये अडकले आणि शेवटी लष्कराची हेलिकॉप्टर्स आणावी लागली. पट्टा मात्र इतका अरुंद असू शकतो की ह्या गावात गुडघाभर बर्फ आणि पुढच्या गावात चंद्र दिसतोय.

दुसरा प्रकार थंड हवेच्या आघाडीबरोबर, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या कडेबरोबर येणारा, त्याला आर्क्टिक फ्रंट म्हणतात. आम्हाला भेटला तो हा. ही लांबलचक रेघ असते, वाऱ्याच्या वेगाने धावते आणि एका ठिकाणी जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकते. सकाळच्या उन्हाने जमीन जरा तापली की हिला जोर चढतो, म्हणून ही बऱ्याचदा सकाळी उशिरा ते दुपारी येते, नेमकी लोक बिनधास्त रस्त्यावर असतात तेव्हा.

आता ऊन पडलेलं असणं का वाईट, ते सांगते, कारण हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. उन्हाने रस्ता शून्याच्या जरा वर गेलेला असतो. पहिला बर्फ पडला की तो वितळतो, रस्ता ओला होतो. पण त्याच्याबरोबर येणारी हवा भयंकर थंड असते, तापमान बघता बघता उतरतं आणि ते पाणी जागच्या जागी गोठतं. वरून पांढरा भुरभुरीत बर्फ, खाली काच. इंग्रजीत ह्याला फ्लॅश फ्रीज म्हणतात. म्हणजे आधीच गोठलेल्या रस्त्यापेक्षा उन्हात तापलेला रस्ता जास्त दगा देतो. पूल तर सगळ्यात आधी जातात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. मिठाचं म्हणाल तर त्याला काम करायला वेळ लागतो, ट्रक यायलाच अर्धा तास, तोवर स्क्वॉल पुढच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पोचलेला असतो, आणि फार थंडीत मिठाचा जोरही कमी पडतो.

अर्धा इंच, अर्धा इंच म्हणून आम्ही जे फसलो त्याला हवामानवाल्यांकडे एक नाव आहे. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावात नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं, ऑफिस आहे, तिथल्या लोकांनी २००४ च्या सुमारास ह्या प्रकाराला 'हाय इम्पॅक्ट, सब-ॲडव्हायजरी' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे बर्फ इतका कमी की सूचना काढण्याच्या मर्यादेतही बसत नाही, पण परिणाम भयंकर. हे वाचलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं, कारण आमची चूक ह्या तीन शब्दांत होती. आपण सगळे बर्फ इंचात मोजतो. किती पडणार, किती साचणार. स्क्वॉलमध्ये माणूस साचलेल्या बर्फाने मरत नाही, उडणाऱ्या बर्फाने मरतो. प्रश्न किती पडतोय हा नाहीच, किती वेगाने पडतोय आणि किती दिसतंय हा आहे. पण ॲपमध्ये त्याचा आकडा कुठे असतो?

म्हणूनच २०१८ पासून नॅशनल वेदर सर्व्हिसने देशभर वेगळी स्नो स्क्वॉल वॉर्निंग सुरू केली. ती टॉर्नेडोच्या वॉर्निंगसारखी असते, अख्ख्या राज्याला नाही तर नकाशावर काढलेल्या एका तुकड्यापुरती, साधारण अर्धा-एक तासापुरती, आणि सगळ्यात धोकादायक असते तेव्हा फोनवर थेट वाजते. निकष ढोबळमानाने असा की पाव मैल म्हणजे ४०० मीटर किंवा त्याहून कमी दिसणं आणि रस्ता गोठण्याइतकी थंडी. तुमच्या फोनवर हे अलर्ट बंद केलेले असतील तर प्लीज आत्ता चालू करा, बरेच जण मध्यरात्री एकदा दुसराच कुठला अलर्ट वाजला म्हणून वैतागून सगळेच बंद करून टाकतात.

४०० मीटर ऐकायला पुष्कळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. मग मी हिशोब केला, भौतिकशास्त्राचा शाळेतलाच हिशोब आहे. ६५ मैलांचा वेग म्हणजे ताशी साधारण १०५ किलोमीटर, सेकंदाला २९ मीटर. समोर काही दिसल्यावर मेंदूने पायाला सांगून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर ४४ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर पुढे साठेक मीटरमध्ये गाडी थांबते, म्हणजे एकूण शंभर-एकशेपाच. दाबलेल्या बर्फावर दोनशेच्या वर. आणि गोठलेल्या काचेसारख्या रस्त्यावर घर्षण इतकं कमी होतं की एकूण ४७० मीटरच्या आसपास लागतात. ढोबळ आकडे आहेत, टायरवर आणि उतारावर बदलतील, पण अर्थ बघा. ४७० मीटर थांबायला आणि दिसतंय जास्तीत जास्त ४००. ऐन स्क्वॉलच्या पोटात तर ५० मीटरही दिसत नाही. तोच हिशोब २० मैलांच्या वेगाला केला तर गोठलेल्या रस्त्यावरही पन्नासेक मीटरमध्ये थांबता येतं. आम्ही वाचलो ते ह्या आकड्यामुळे आणि मागून कोणी सुसाट आलं नाही म्हणून. दुसरं कारण आमच्या हातात नव्हतं.

ज्यांच्या मागून आलं त्यांचं काय होतं ते २८ मार्च २०२२ ला दिसलं. तोच इंटरस्टेट ८१, पेनसिल्व्हेनियाची स्कूकिल काउंटी, सोमवार सकाळ. तारीख बघा, मार्च संपत आलेला, कॅलेंडरप्रमाणे वसंत सुरू झालेला. वॉर्निंग दिलेली होती. ८० गाड्या एकमेकांवर आदळल्या, त्यात मोठमोठे ट्रक होते, आग लागली, सहा माणसं गेली. त्याचा एक व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरला होता. मी तो एकदाच पाहिला, परत बघू शकले नाही. धुकटातून एकामागून एक गाडी येते आणि आदळते, मग थोडी शांतता, मग परत एक. लोक गाडीतून उतरून रस्त्यातच उभे आहेत आणि मागून ट्रक येतोय. ओरडून सांगावंसं वाटतं की तिथून हला, पण व्हिडिओतल्या माणसाला ऐकू जात नाही.

त्याच राज्यात १३ फेब्रुवारी २०१६ ला इंटरस्टेट ७८ वर ६४ गाड्या आणि तीन मृत्यू. त्याच्या आदल्या वर्षी ९ जानेवारीला मिशिगनमध्ये इंटरस्टेट ९४ वर १९३ गाड्या, एका ट्रकमध्ये फटाके भरलेले होते, ते त्या बर्फात फुटत राहिले. एवढ्या मोठ्या अपघातात तिथे एकच मृत्यू झाला, तरी एका घरचा तो माणूस गेलाच ना. असे प्रसंग वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते, पहिला माणूस काही फार चुकीचं करत नाही. त्याला दिसेनासं होतं, तो घाबरून ब्रेक दाबतो, थांबतो. मागच्याला तो दिसत नाही. माल भरलेला ट्रेलर ३६,००० किलोपर्यंत असतो, त्याला ठरवूनही थांबता येत नाही. थांबलं तर मागून, चाललं तर पुढून. म्हणून नॅशनल वेदर सर्व्हिस अगदी सरळ सांगते की स्क्वॉलमध्ये हायवेवर सुरक्षित अशी जागाच नसते. आत शिरल्यावर काय करायचं ह्याची चांगली उत्तरं नाहीत, फक्त कमी वाईट उत्तरं आहेत. चांगलं उत्तर एकच होतं आणि ते दीड मैलावर बोर्डवर लिहिलेलं होतं.

तरी, शिरलातच तर. मी जमवलेलं सांगते, क्रमाने नाही, जसं आठवेल तसं.

दिवे हाताने लावा. हे खूप लोकांना माहीत नसतं, पुष्कळ गाड्यांमध्ये दिवसा जे पुढचे दिवे आपोआप लागलेले असतात त्याबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. म्हणजे तुम्हाला वाटतं दिवे चालू आहेत, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही म्हणजे पांढऱ्यातलं पांढरं. खटका ऑटोवर सोडू नका, फिरवून लो बीम लावा. हाय बीम लावलात तर उडणाऱ्या बर्फावरून तो उजेड परत तुमच्याच डोळ्यात येतो आणि आणखी कमी दिसतं. हॅझर्ड लाईटही लावा असा वेदर सर्व्हिसचा सल्ला आहे, काही राज्यांमध्ये चालत्या गाडीत ते लावण्याबद्दल नियम वेगळे आहेत, निघण्याआधी बघून ठेवा. आणि नवीन एलईडी हेडलाईट गरम होत नाहीत, त्यांच्यावर बर्फ चिकटून राहतो, गाडी थांबवाल तेव्हा मागचे-पुढचे दोन्ही हाताने पुसा.

क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, लगेच बंद. वेग कमी करा पण ब्रेकवर उभं राहून नाही, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून, हळूहळू, म्हणजे मागच्यालाही कळायला वेळ मिळेल. लेन बदलू नका. पुढच्या गाडीच्या दिव्यांना चिकटून जाऊ नका, आम्ही ट्रक धरून गेलो ते मनात धीर यावा म्हणून, पण तो रस्त्याबाहेर गेला असता तर आम्हीही गेलो असतो.

शोल्डरवर थांबण्याचा मोह सगळ्यांना होतो. दादालाही झाला. शक्यतो नका थांबू, कारण न दिसणारा माणूस तुमचे दिवे बघून समजतो की लेन तिथे आहे आणि थेट तुमच्यावर येतो. पुढची एक्झिट, रेस्ट एरिया, पार्किंग, काहीही, पण रस्त्याच्या बाहेर.

आणि जर आदळलातच, देव न करो, तर उतरून गाड्यांच्या मध्ये उभं राहू नका. नुकसान किती झालं ते बघायला, फोटो काढायला, समोरच्याशी बोलायला, कशालाच नाही. सुरक्षितपणे बाहेर पडून रेलिंगच्या पलीकडे, रस्त्यापासून लांब जाता येत असेल तर जा, जितकं लांब तितकं बरं. नसेल जाता येत तर बेल्ट लावून आतच बसा आणि ९११ ह्या आणीबाणीच्या नंबरला फोन करा. ह्यातलं काय करायचं ते त्या क्षणी मागून आवाज येताहेत का, तुम्ही कुठे उभे आहात ह्यावर आहे, मी इथे बसून नियम नाही सांगू शकत. पण दोन गाड्यांच्या मध्ये उभं राहणं, हे कधीच नाही.

ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल एक सांगते कारण नवी मुलं ह्यात फार अडकतात. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फात सुटते छान, निघते छान, म्हणून वाटतं आपली गाडी भारी आहे. थांबताना त्याचा काही उपयोग नाही, थांबायला ब्रेक आणि टायर, आणि ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. पैसे घालायचेच असतील तर विंटर टायरमध्ये घाला, त्यांचं रबर थंडीत मऊ राहतं, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचे टायर कडक व्हायला लागतात.

पुढे अपघात होऊन रस्ता बंद झाला तर तासन्‌तास अडकायची वेळ येते, तेव्हा वेगळाच धोका सुरू होतो. हीटर चालू राहावा म्हणून इंजिन चालू, मागे बर्फ साचून सायलेन्सरचं तोंड बुजतं आणि धूर आत. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणसाला नुसती झोप येते. पाकिस्तानात मरी नावाच्या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त लोक गेले, आणि त्यातले बरेच ह्या गॅसने गेले असावेत असं तेव्हा समोर आलं होतं. तो स्क्वॉल नव्हता, ती मोठी बर्फवृष्टी होती, पण बंद गाडी आणि बुजलेला पाईप कुठेही सारखेच. दर थोड्या वेळाने उतरता येत असेल तर पाईप मोकळा करा, इंजिन सलग चालू ठेवू नका, खिडकी जराशी उघडी ठेवा. ह्यासाठी गाडीत फावडं, ब्लँकेट, पाणी, चार्जर असू दे. माझ्या डिकीत आता वर्षभर असतं, वहिनीने पहिल्यांदा भरून दिलं होतं.

निघण्याआधी आता मी ॲपमधलं चिन्ह बघत नाही, वेदर सर्व्हिसच्या साईटवर त्या भागाचा मजकूर वाचते. दोन ओळींचाच असतो. त्यात 'आर्क्टिक फ्रंट' किंवा 'स्क्वॉल' हा शब्द दिसला की इंचाचा आकडा वाचायचाच नाही, वेळ बघायची. फ्रंट अकरा ते दोनच्या मध्ये जाणार असेल तर नऊला निघून पोचा नाहीतर तीनला निघा. एवढंच. इतकं सोपं असताना लोक जातात, म्हणून जीव तुटतो. आणि गाडीत दोघं असाल तर अलर्ट बाजूच्याने वाचायचा, आणि वाचून झाल्यावर विचारायचं नाही. मी त्या दिवशी "उतरायचं का" असं विचारलं होतं. "उतर" म्हणायला हवं होतं.

दादाशी ह्यावर आम्ही पुष्कळ दिवस बोललो नाही. तो चिडेल म्हणून नाही, त्याला फार लागलं होतं ते, गाडीत आम्ही दोघी होतो आणि स्टिअरिंग त्याच्या हातात होतं. एकदा फोनवर त्यानेच विषय काढला, म्हणाला, "मला बर्फाची सवय होती ना, तीच नडली." मी म्हटलं, "अरे, मीही ॲप बघून गप्प बसलेच ना." मग दोघं जरा वेळ काही बोललो नाही आणि मग त्याने टायर कुठले घेऊ विचारलं.

मागच्या फेब्रुवारीत तो एकटाच कामासाठी निघाला होता, त्याच रस्त्याने. अकरा वाजता फॅमिली ग्रुपवर त्याचं लोकेशन आलं, कुठल्यातरी एक्झिटजवळचं पार्किंग, बरोबर एक फोटो. फोटोत ऊन होतं, कोरडा रस्ता होता आणि लांब डोंगरांच्या मागे तो राखाडी पट्टा. खाली लिहिलं होतं, "उतरलोय. गाडीत बसलोय. काळजी करू नका."

त्यानंतर चाळीस मिनिटं काही नाही. मी लॅबमध्ये फोन समोर ठेवून बसले होते. मग आलं, "गेला. निघतोय."